टॅबांची रांग, कळफलक आणि कामातील अचूकता

सरकारी कचेरीत ज्यांचे जाणे-येणे झालेले आहे, त्यांना धारिकेच्या कडेने डोकावणाऱ्या चिठ्ठ्या ठाऊक असतील. पत्रव्यवहाराच्या जाड गठ्ठ्यातून हवा तो कागद चटकन सापडावा म्हणून त्याला पताका लावावयाची आणि टिप्पणीत ‘पताका अ पहावी’ असे लिहावयाचे, ही आपल्या कार्यालयीन व्यवहारातील जुनी पद्धत होय. पताकेवर बोट ठेवताच धारिका नेमक्या त्या पानावर उघडावी, एवढाच तिचा हेतू. संगणकाच्या पडद्यावर, ब्राउझरच्या माथ्यावर, ओळीने जे ‘टॅब’ दिसतात ते या पताकांचेच भावंड आहे. पाश्चात्त्य कचेऱ्यांतील धारिकांच्या कडेला पुढे आलेली जी जीभ असते तिला टॅब म्हणतात. तेच नाव आणि तेच रूप संगणकाने उचलले.

कळफलकावर ‘टॅब’ नावाची जी कळ आहे, तिचे कूळ मात्र वेगळे आहे. टंकलेखन यंत्रावर आकड्यांचे तक्ते सरळ रकान्यांत उतरावेत म्हणून ‘टॅब्युलेटर’ नावाची सोय असे. ती कळ दाबली की यंत्राचा गाडा ठरवून दिलेल्या रकान्यापर्यंत एकदम सरके. गोदरेज कंपनीने मुंबईत १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र तयार केले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही यंत्रे देशभरच्या कचेऱ्यांतून खडखडत राहिली. २००९ साली त्यांची निर्मिती थांबली. यंत्र गेले, पण टॅबची कळ संगणकाच्या कळफलकावर, डाव्या कडेला, टिकून राहिली. टंकलेखकाच्या मेजावरील ही कळ आणि धारिकेच्या कडेची ती पताका यांची गाठ ब्राउझरमध्ये कशी पडते, आणि तिचा उपयोग सामान्य नागरिकाच्या कामात कसा करून घ्यावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी नेपानगरचे उदाहरण घेतले आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

दोन राज्यांचे कागद, एकच पडदा

ज्या वर्षी गोदरेजचे यंत्र तयार झाले, त्याच १९५५ साली नेपानगर येथील कारखान्यात वृत्तपत्री कागदाचे उत्पादन सुरू झाले. वृत्तपत्रांचा कागद काढणारा हा देशातील पहिला कारखाना. परिसरातील जंगलातील सालई आणि बांबू हा त्याचा आरंभीचा कच्चा माल होता. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला, तेव्हा नेपानगर ज्या राज्यात होते त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे सहाच महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व वऱ्हाड तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि नेपानगर मध्य प्रदेशात राहिले. २००३ साली खंडवा जिल्ह्याचे विभाजन होऊन बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला व नेपानगर त्यात समाविष्ट झाले. कारखान्याचे २०१६ साली थांबलेले उत्पादन नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा सुरू झाले.

राज्यांच्या सीमा कागदावर आखल्या जातात. नातीगोती त्या रेषेवर थांबत नाहीत. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रावेर, बुऱ्हाणपूर आणि नेपानगर ही स्थानके एकाच धाग्यात ओवलेली आहेत. रावेर महाराष्ट्रात, पुढची दोन्ही मध्य प्रदेशात. नोकरीसाठी, लग्नसंबंधाने किंवा व्यापारानिमित्त या मार्गावर इकडून तिकडे गेलेली मराठी कुटुंबे दोन्ही बाजूंस आहेत. अशा कुटुंबाचे राहते घर एका राज्यात आणि वडिलोपार्जित शेत दुसऱ्या राज्यात असणे यात नवल काही नाही. शेताचा उतारा महाराष्ट्रात ‘सात-बारा’ आणि ‘आठ-अ’ या नावांनी मिळतो, तर मध्य प्रदेशात त्याच कामी ‘खसरा’ आणि ‘बी-१’ हे कागद लागतात. मध्य प्रदेशात कुटुंबाला ‘समग्र’ योजनेखाली आठ अंकी व प्रत्येक सदस्याला नऊ अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रातील सेवांसाठी ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ आहे. सेवा विहित मुदतीत मिळण्याचा कायदा मध्य प्रदेशाने २०१० साली केला व महाराष्ट्राने २०१५ साली. हक्क दोन्हीकडे आहेत, परंतु त्यांची दारे वेगवेगळी आहेत.

उदाहरणादाखल अशी कल्पना करू, की नेपानगरला स्थायिक झालेल्या एका कुटुंबातील वडील निवर्तले आणि रावेर तालुक्यातील शेतावर वारसांची नावे लावावयाची आहेत. महाराष्ट्रात वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. अर्ज भरताना गावाचे नाव व गट क्रमांक यांसाठी सात-बारा पाहावा लागतो, वारसांची नावे ओळखपत्रांवरून उतरवावी लागतात, आणि मृत्यू दाखला व इतर कागदांच्या प्रती जोडाव्या लागतात. या प्रती बहुधा कोणा भावाने ई-मेलवर पाठविलेल्या असतात. म्हणजे अर्ज, उतारा, ई-मेल आणि इकडच्या राज्याचे समग्र अशी चार पाने एकाच वेळी उघडी राहतात. अर्जदार समोर बसलेला असतो. फार काळ काही हालचाल झाली नाही तर पुष्कळशी संकेतस्थळे वापरकर्त्यास बाहेर काढतात आणि भरलेला मजकूर वाया जातो. गट क्रमांकातील एक अंक चुकला तर काय होते, हे शेतीशी संबंध असलेल्या कोणासही सांगावयास नको.

अशा प्रसंगी माउसचा बाण पडद्याच्या माथ्यापर्यंत नेऊन आखूड झालेल्या चार-सहा टॅबांपैकी एक नेमका टिपणे, तेथील क्रमांक वाचणे, पुन्हा बाण वर नेऊन मूळ टॅब शोधणे, आणि तेवढ्यात वाचलेला क्रमांक डोक्यातून निसटणे, हा अनुभव अनेकांस येतो. कळफलकाचा उपयोग होतो तो येथे.

चार मूळ कळा

विंडोज प्रणालीवरील क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांत पुढील कळा समान आहेत.

पहिली जोडी कंट्रोल आणि टॅब यांची. कंट्रोल दाबून धरावी व टॅबची कळ एकदा दाबावी, की उजवीकडचा पुढील टॅब समोर येतो. शेवटच्या टॅबवरून पुन्हा दाबल्यास चक्र पूर्ण होऊन पहिला टॅब येतो. फायरफॉक्समध्ये मात्र एक पर्याय असा आहे, की या जोडीने रांगेतील क्रमाऐवजी नुकत्याच वापरलेल्या टॅबांच्या क्रमाने फिरता येते. हा पर्याय सेटिंगमध्ये चालू असेल तर टॅब अनपेक्षित क्रमाने येतात आणि नवख्या माणसाचा गोंधळ होतो. तो पर्याय बंद करता येतो.

दुसरी जोडी तीच, फक्त शिफ्टची भर घालून. कंट्रोल, शिफ्ट आणि टॅब या तीन कळांनी डावीकडे, म्हणजे मागे जाता येते. आठ टॅबांपैकी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावयाचे असेल तर पूर्ण फेरी घालण्याचे कारण नाही. ज्यांना तीन कळा एका हाताने दाबणे अवघड वाटते त्यांनी कंट्रोलसह पेज अप व पेज डाऊन या कळा वापराव्यात. पेज डाऊनने पुढे आणि पेज अपने मागे जाता येते.

तिसरी युक्ती अंकांची आहे आणि ती सर्वांत उपयुक्त आहे. कंट्रोल आणि १ दाबले की रांगेतील पहिला टॅब, कंट्रोल आणि २ दाबले की दुसरा, याप्रमाणे आठव्यापर्यंत थेट पोहोचता येते. कंट्रोल आणि ९ यांचा अर्थ नववा टॅब असा नसून, रांग कितीही लांब असली तरी अगदी शेवटचा टॅब, असा आहे. यासाठी कळफलकाच्या वरच्या ओळीतील अंक वापरावेत.

चौथी गोष्ट म्हणजे टॅब उघडणे व मिटणे. कंट्रोल आणि टी यांनी नवा टॅब उघडतो, कंट्रोल आणि डब्ल्यू यांनी समोरचा टॅब मिटतो, आणि चुकून मिटलेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी परत येतो. पान परत आले तरी त्यात भरलेला मजकूर परत येईलच असे नाही, हे येथे आवर्जून ध्यानात घ्यावे. तसेच कंट्रोल, शिफ्ट आणि डब्ल्यू या तीन कळा एकत्र दाबल्यास सगळी खिडकीच टॅबांसह मिटते. म्हणून डब्ल्यूकडे बोट नेताना शिफ्टवरचे बोट उचललेले बरे.

इतर प्रणालींवर थोडा फरक पडतो. ॲपलच्या मॅकवर अंकांसाठी कंट्रोलच्या जागी कमांड ही कळ वापरतात आणि लिनक्सवर बहुधा ऑल्ट. पुढे-मागे जाण्याची कंट्रोल व टॅब ही जोडी मात्र तेथेही चालते. विंडोजवर ऑल्ट आणि टॅब या जोडीचे काम निराळे आहे. तिने एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, म्हणजे उदाहरणार्थ ब्राउझरमधून शब्दसंस्कारकात जाता येते. दालनातील कपाट बदलणे आणि त्याच कपाटातील धारिका बदलणे यांत जो फरक आहे, तोच या दोन जोड्यांत आहे.

वेगाचे मूळ मांडणीत

एवढ्या कळा पाठ झाल्या म्हणजे काम झपाट्याने होऊ लागेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. अनुभव वेगळा येतो. दहा-पंधरा टॅब वेडेवाकडे उघडून ठेवणाऱ्या माणसाला कंट्रोल आणि टॅबची जोडी फारशी तारत नाही. तो केवळ अधिक वेगाने चुकीची पाने पाहतो. वेग बोटांत असतो त्याहून अधिक मांडणीत असतो. अभिलेख कक्षातील जाणता कारकून अंधारातही हवा तो रुमाल काढतो, कारण कोणता रुमाल कोणत्या फळीवर आहे हे त्याने स्वतःच ठरविलेले असते.

तेव्हा कामास आरंभ करण्यापूर्वी टॅबांचा क्रम ठरवावा आणि तो दररोज तोच ठेवावा. वर सांगितलेल्या वारस नोंदीच्या उदाहरणात पहिला टॅब अर्जाचा, दुसरा सात-बाराचा, तिसरा ई-मेलचा आणि चौथा समग्रचा, असा क्रम लावता येईल. एकदा हा क्रम मनात बसला की गट क्रमांक पाहण्यासाठी कंट्रोल आणि २, पुन्हा अर्जावर येण्यासाठी कंट्रोल आणि १, एवढेच उरते. अर्जाच्या ज्या रकान्यात लिहिणे चालू होते त्याच रकान्यात सामान्यतः कर्सर थांबलेला असतो. तो शोधावा लागत नाही. क्रमांक वाचल्यापासून लिहीपर्यंत नजर विचलित होत नाही आणि अंकांची उलटापालट टळते. जेथे पानावरील मजकूर निवडता येतो तेथे कंट्रोल आणि सी यांनी तो उचलून, टॅब बदलून, कंट्रोल आणि व्ही यांनी ठेवावा. यात हाताने अंक लिहिण्याचा प्रश्नच उरत नाही.

टॅबांची रांग विस्कटली तर ती नीट लावण्याची सोयही आहे. क्रोम व फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पेज अप यांनी समोरचा टॅब एक घर डावीकडे व पेज डाऊनने एक घर उजवीकडे सरकतो. दिवसभर लागणारा टॅब, जसे कार्यालयाचा ई-मेल, त्यावर माउसची उजवी कळ दाबून ‘पिन’ करून ठेवावा. तो आखूड होऊन रांगेच्या डाव्या टोकाला स्थिर राहतो आणि त्याचा अंक बदलत नाही.

टॅब पुष्कळच झाले तर एकेक चाळण्यापेक्षा नावाने शोधावेत. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए या कळांनी उघड्या टॅबांची यादी येते व तिच्यात नावाचा एखादा शब्द लिहिताच हवा तो टॅब सापडतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या चौकटीत प्रथम टक्क्याचे चिन्ह, मग मोकळी जागा आणि नंतर शब्द लिहिल्यास हेच काम होते.

काही वेळा दोन पाने आलटून पालटून पाहण्यापेक्षा शेजारी शेजारी पाहणेच इष्ट ठरते. लांबलचक नावांची यादी ताडून पाहताना टॅब ओढून त्याची स्वतंत्र खिडकी करावी, आणि विंडोजची कळ व डावा किंवा उजवा बाण यांनी दोन्ही खिडक्या पडद्याच्या दोन अर्ध्या भागांत बसवाव्यात. कळा कधी वापरू नयेत हे कळणे हाही त्या शिकण्याचाच एक भाग आहे.

एकाच संकेतस्थळावर दोन अर्जदार

आता एका धोक्याचा विचार करणे अगत्याचे आहे. टॅब पटापट बदलता येऊ लागले की सेवा केंद्रावरील चालकास असा मोह होतो, की रांगेत थांबलेल्या दोन अर्जदारांची कामे दोन टॅबांत एकाच वेळी चालवावीत. एकाचा संदेश येण्यास वेळ लागत आहे, तोवर दुसऱ्याचा अर्ज भरून घेऊ, हा विचार वरकरणी शहाणपणाचा वाटतो. परंतु ब्राउझरची रचना त्यास अनुकूल नाही.

कोणत्याही संकेतस्थळावर नाव व सांकेतिक शब्द देऊन प्रवेश केला की ते संकेतस्थळ ब्राउझरच्या हाती एक ओळखचिठ्ठी देते. ‘कुकी’ म्हणतात ती हीच. पुढे प्रत्येक पान मागताना ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि संकेतस्थळ त्यावरून माणूस ओळखते. ही चिठ्ठी सामान्यतः त्या संपूर्ण ब्राउझरची असते, एकेका टॅबची नसते. त्यामुळे पहिल्या टॅबमध्ये एका अर्जदाराच्या नावाने प्रवेश केलेला असताना दुसऱ्या टॅबमध्ये त्याच संकेतस्थळावर दुसऱ्याच्या नावाने प्रवेश केला, तर अनेकदा पहिली चिठ्ठी पुसली जाऊन दुसरी तिच्या जागी येते. पहिल्या टॅबमधील पान डोळ्यांना पूर्वीसारखेच दिसत राहते. त्यावर पहिल्या माणसाचे नावही दिसत असते. परंतु ‘सादर करा’ हे बटण दाबले की संकेतस्थळ दुसऱ्या माणसाची चिठ्ठी पाहते. काही संकेतस्थळे अशा वेळी चूक ओळखून दोघांनाही बाहेर काढतात; काही ओळखत नाहीत. मग एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यावर जाऊन बसण्याचा संभव निर्माण होतो आणि ती दुरुस्त करण्यासाठी दोघांनाही हेलपाटे घालावे लागतात. सीमेपलीकडे राहणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे त्याचा एक बुडालेला दिवस आणि परराज्यातील तहसीलची वारी.

यावर उपाय सोपा आहे. एकाच संकेतस्थळावर एका वेळी एकच अर्जदार घ्यावा, त्याचे काम संपले की ‘लॉग आउट’ करावे आणि मगच पुढच्यास बोलवावे. दोन अर्ज समांतर चालविणे अपरिहार्यच असेल तर दोन वेगळे ब्राउझर किंवा एकाच ब्राउझरमधील दोन वेगळी ‘प्रोफाइल’ वापरावीत, कारण त्यांच्या ओळखचिठ्ठ्या स्वतंत्र असतात. वेगवेगळ्या संकेतस्थळांचे टॅब, जसे सात-बारा आणि समग्र, एकत्र उघडे ठेवण्यास या कारणाने काही बाध येत नाही.

दुसरी एक दक्षता टॅबवर पोहोचल्यानंतर घ्यावयाची आहे. टॅबवरील नाव आखूड असते व ते पाहिजे तसे लिहिता येते. त्यावर विसंबून कोणताही क्रमांक किंवा सांकेतिक शब्द भरू नये. कंट्रोल आणि एल दाबले की पत्त्याची चौकट निवडली जाते व संकेतस्थळाचा पत्ता समोर येतो. शासकीय संकेतस्थळांच्या नावाचा शेवट बहुतांशी ‘जीओव्ही डॉट आयएन’ या अक्षरांनी होतो, हे एकदा पाहून घ्यावे. एस्केपची कळ दाबून पुन्हा पानावर यावे. या तपासणीला दोन-तीन क्षण लागतात, ते खर्च करण्यात कंजूषी करू नये.

मिटलेला टॅब आणि उघडी माहिती

मिटलेला टॅब परत आणणारी कळ मोठी उपकारक आहे, परंतु ती जशी आपल्या उपयोगी पडते तशीच आपल्यामागून त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्याही उपयोगी पडते. सार्वजनिक संगणकावर काम आटोपून माणूस टॅब मिटतो आणि निश्चिंत मनाने निघून जातो. त्याने लॉग आउट केलेले नसेल तर मागून आलेल्या माणसाने कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबताच ते पान, प्रसंगी त्याच्या खात्यासह, पुन्हा उघडू शकते. टॅब मिटणे म्हणजे कपाटाचे दार लोटून घेणे होय. कुलूप लावणे म्हणजे लॉग आउट करणे. हा भेद प्रत्येक नागरिकास आणि विशेषतः सेवा केंद्राच्या चालकास समजलेला असावा.

सार्वजनिक संगणकावर काम करताना खाजगी खिडकी वापरणे श्रेयस्कर असते. क्रोम व एजमध्ये ती कंट्रोल, शिफ्ट आणि एन यांनी, व फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी यांनी उघडते. अशा सर्व खाजगी खिडक्या मिटल्या की त्यांतील भेट दिलेल्या पानांची यादी आणि ओळखचिठ्ठ्या ब्राउझर जपून ठेवत नाही. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र संगणकावर राहतात. त्या आठवणीने काढून टाकाव्या लागतात. खाजगी खिडकीतील सर्व टॅबांची ओळखचिठ्ठी एकच असते, म्हणून दोन अर्जदारांविषयीचा वरील नियम तेथेही तितकाच लागू आहे.

ज्यांच्यासाठी कळा हीच वाट

आतापर्यंत कळांचा विचार सोय म्हणून केला. परंतु काही नागरिकांसाठी त्या सोय नसून एकमेव वाट आहेत. दृष्टिहीन व्यक्तीस माउसचा बाण दिसत नाही. एनव्हीडीए हे विनामूल्य मिळणारे वाचक सॉफ्टवेअर संगणकावर चालू असेल, तर कंट्रोल आणि टॅब दाबताच समोर आलेल्या टॅबचे नाव ते उच्चारून सांगते. ते ऐकून हवा तेथे थांबता येते. ज्यांचा हात कापतो किंवा ज्यांना मनगटाचा विकार आहे, त्यांनाही बारीकशा टॅबवर बाण स्थिर धरण्यापेक्षा दोन कळा दाबणे सुकर जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचा अंतर्भाव आहे. तेव्हा कार्यालयाने आपले संकेतस्थळ तयार करून घेताना ते माउसवाचून पूर्णपणे वापरता येते की नाही, हे एकदा स्वतः कळफलकावर तपासून पाहणे उचित ठरेल. टॅबच्या कळेने एका रकान्यातून पुढच्या रकान्यात क्रमाने जाता येते का, आणि कर्सर कोठे आहे हे पडद्यावर स्पष्ट दिसते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ दोष उघडकीस येतात.

सवय लावण्याची रीत

टॅबांचा प्रसार होऊन फार काळ लोटलेला नाही. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती २००४ साली टॅबांसह आली, मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररला ती सोय २००६ साली सातव्या आवृत्तीत दिली, आणि २००८ साली आलेल्या क्रोमने टॅबांची रांग खिडकीच्या अगदी माथ्यावर नेऊन ठेवली. त्यापूर्वी बहुतेकांना प्रत्येक पानासाठी नवी खिडकी उघडावी लागे. तेव्हा पूर्वी संगणक शिकलेल्या अनेक कर्मचाऱ्यांना ही कळांची रीत कोणी शिकविलीच नाही, यात त्यांचा दोष नाही. ती वयाच्या कोणत्याही टप्प्यावर शिकता येते.

सगळ्या कळा एकदम पाठ करण्याच्या भरीस मात्र पडू नये. पहिल्या आठवड्यात केवळ कंट्रोल आणि अंक यांचा अभ्यास करावा. दररोज लागणारे तीन टॅब ठरलेल्या क्रमाने उघडावेत आणि त्यांच्यात ये-जा करताना माउसला हात लावू नये. आरंभी दोन-तीन दिवस काम मंदावल्यासारखे वाटेल, ते सोसावे. दुसऱ्या आठवड्यात कंट्रोल व टॅब आणि त्यांना शिफ्टची जोड घ्यावी. डाव्या करंगळीने कंट्रोल धरून अनामिकेने किंवा मधल्या बोटाने टॅबची कळ दाबल्यास मनगट वाकवावे लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात टॅब उघडणे, मिटणे व परत आणणे यांचा सराव करावा. काही लॅपटॉपांवर डाव्या खालच्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन ही कळ असते. आपल्या यंत्रावर कोणती आहे ते प्रथम पाहून घ्यावे. टंकलेखन शिकताना ज्याप्रमाणे अक्षरांच्या जागा हळूहळू बोटांत उतरतात, त्याचप्रमाणे या जागाही उतरतात.

सेवा केंद्रातील चालकांनी आपल्या मेजाजवळ टॅबांचा ठरलेला क्रम एका चिठ्ठीवर लिहून लावावा. दुसरा कर्मचारी त्या खुर्चीवर बसला तरी त्यास तोच क्रम मिळेल आणि काम अडणार नाही. सीमाभागातील केंद्रांत अशा चिठ्ठीवर दोन्ही राज्यांच्या संकेतस्थळांची नावे शेजारी शेजारी येतील. कारण तेथील अर्जदाराच्या पिशवीत दोन्ही राज्यांचे कागद असतात आणि आपले काम कोणत्या राज्याच्या कोणत्या खात्याचे आहे हे त्याला प्रत्येक वेळी सांगता येईलच असे नाही.

पडद्यावरून नजर न हलविता दोन कळांत हवे ते पान समोर आणता आले, की चालकाला समोरच्या माणसाकडे पाहावयास सवड मिळते. त्याने सांगितलेले नाव पुन्हा एकदा उच्चारून घेता येते, गट क्रमांक वाचून दाखविता येतो, आणि ‘सादर करा’ दाबण्यापूर्वी ‘बरोबर आहे ना?’ असे विचारता येते. वाचलेल्या काही क्षणांचा याहून चांगला विनियोग क्वचितच होऊ शकेल.